धुतलेल्या कपड्यांची वेगळी टोपली : मॉर्मन लोकांच्या 'गारमेंट्स'बद्दल

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, म्हणून धागा काढतेय.

चार वर्षं झाली, आम्ही युटामध्ये राहतो, सॉल्ट लेक सिटीपासून अर्ध्या तासावर. आमच्या गल्लीत आम्ही सोडून जवळपास सगळी घरं मॉर्मन, म्हणजे इकडच्या एका ख्रिस्ती पंथाची. शेजारी एक आजी एकट्या राहतात, पंचाहत्तरीच्या आसपासच्या. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात घरी भाजलेला गरम पाव घेऊन दारात उभ्या होत्या. मी चहाचं विचारलं तर हसून नको म्हणाल्या, तेव्हा कळलं की यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य. तेव्हापासून त्या आल्या की कोकम सरबत. आता तर माझ्याआधी त्याच विचारतात, "ते लाल सरबत आहे का?"

गेल्या महिन्यात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्या चर्चच्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या, मी मंगळवार मागून घेतला. भांडी, झाडांना पाणी आणि धुणं. ड्रायरमधून काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. एका टोपलीत नुसते पांढरे कपडे वेगळे ठेवलेले होते. ती जवळ ओढली तशा आजी सोफ्यावरून म्हणाल्या, "ती राहू दे गं, मुलगी आली की करेल." आवाजात राग नव्हता, पण घाई होती. मी हात मागे घेतला. तोवर वरचे दोन कपडे दिसले होते. आखूड बाह्यांचा पातळ बनियन आणि गुडघ्यापर्यंत येणारी चड्डी.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ते त्यांचे देवाधर्माचे आतले कपडे, 'गारमेंट्स' म्हणतात, आमच्या ऑफिसात त्यावरून टिंगल चालते. मला टिंगलीत रस नाही. आजी माझ्या मुलीला दर गुरुवारी पियानो शिकवतात, पैसे घेत नाहीत. हे कपडे त्यांच्यासाठी नेमके काय आहेत ते मला समजून घ्यायचंय. आणि माझं चुकलं का? पुढच्या मंगळवारी माफी मागू, की विषयच काढू नको?

टांगेवाला

मॅजिक अंडरवेअर! घातलं की गोळी लागत नाही म्हणे. एक जोड इकडे पाठवा, विरार लोकलला उपयोगी पडेल :)

दुपारची_झोप

नागपुरात मे महिन्यात एक बनियन अंगावर नकोसा होतो. हे लोक बारा महिने दोन थर घालतात?

पिंपळपान

टांगेवाला, ते पहिले दोन शब्द तिथे कोणासमोर उच्चारू नका, फार लागतात त्यांना. २०१२ मध्ये मिट रॉम्नी, ते स्वतः मॉर्मन, अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे होते तेव्हा टीव्हीवर या शब्दांचा नुसता पाऊस पडला होता. शेवटी २०१४ मध्ये त्यांच्या चर्चने स्वतःच चारेक मिनिटांचा व्हिडिओ काढला. त्यात हे कपडे टेबलावर मांडून दाखवले आणि सांगितलं की ननचा झगा, ज्यूंची प्रार्थनेची शाल, मुसलमानांची टोपी, बौद्ध भिक्षूंची चीवरं यांना जो मान देता तोच आमच्या कपड्यांना द्या. जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या झाकून ठेवली ती जगासमोर उलगडून दाखवायला किती जीव गोळा करावा लागला असेल, हे मला तेव्हा जाणवलं.

मी युटामधल्याच प्रोव्होला पाच वर्षं शिकत होतो, माझे दोन्ही रूममेट मॉर्मन होते. त्यांच्याकडून कळलेलं सांगतो.

आधी नाव. २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका, पूर्ण नाव वापरा, असं सांगितलं. 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे ते पूर्ण नाव. इथे वाचायला सोपं म्हणून मी 'मॉर्मन'च लिहितो, पण रानजाई, आजींशी बोलताना 'तुमचं चर्च' म्हणा, त्यांना बरं वाटेल.

दुसरं, दर रविवारची प्रार्थना होते ते चॅपल वेगळं आणि टेंपल वेगळं. चॅपलमध्ये तुम्ही-आम्ही कोणीही जाऊन बसू शकतो. टेंपलमध्ये फक्त परवाना असलेले सदस्य. त्या परवान्याला 'रेकमेंड' म्हणतात. बिशप आणि त्याच्या वरचा एक अधिकारी, दोघांच्या मुलाखती होतात आणि दर दोन वर्षांनी तो नव्याने घ्यावा लागतो. मोठेपणी, बहुतेकांच्या बाबतीत मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जाण्याआधी किंवा लग्नाआधी, टेंपलमध्ये 'एन्डाउमेंट' नावाचा विधी होतो. त्यात माणूस देवाला काही वचनं देतो. त्याच्या आरंभी पाण्याने शुद्धी, तेलाचा स्पर्श आणि मग हे गारमेंट अंगावर चढतं. तिथून पुढे ते जन्मभर, रात्रंदिवस. पोहणं, खेळ, अंघोळ, नवरा-बायकोचा एकांत, दवाखाना अशा वेळी अर्थातच काढतात. म्हणजे लहान मुलं घालत नाहीत, आणि ज्यांनी विधी केला नाही असे मोठेही घालत नाहीत. स्त्री-पुरुष दोघांनाही आहे, हे मुद्दाम सांगतो.

अर्थ काय? बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात आदम आणि हव्वा बागेतून बाहेर पडताना देव त्यांना कातड्याची वस्त्रं करून घालतो. हे गारमेंट त्या वस्त्रांची आठवण. माझा रूममेट म्हणायचा, "सकाळी ते चढवताना एक क्षण आठवतं की मी कोणाला काय शब्द दिलाय." बस. परीक्षेच्या आदल्या रात्री कितीही थकलेला असो, कपडे जमिनीवर फेकायचा, गारमेंट कधीच नाही.

सुईदोरा

कपड्यांवर छोट्या खुणा शिवलेल्या असतात ना? छातीवर दोन, बेंबीपाशी एक, गुडघ्यावर एक. त्यांचा अर्थ कोणाला माहीत आहे का?

पिंपळपान

असतात. जुने कपडे टाकून द्यायची वेळ आली की त्या खुणा कापून काढून नष्ट करतात, उरलेलं कापड मग साधं कापड, फडकं म्हणून वापरलं तरी चालतं. अर्थ मात्र मी इथे लिहिणार नाही. नेटवर सापडतात, पण रूममेटने मला कधी सांगितले नाहीत आणि मीही विचारले नाहीत. ज्यांनी तो विधी केला त्यांच्यातच ते बोलले जावेत अशी त्यांची इच्छा असते.

अभ्यासू_बोका

तुमच्या मित्राबद्दल आदर आहे, पण इतिहास म्हणून एवढं बोलायला हरकत नसावी. या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ मार्च १८४२ मध्ये इलिनॉयमधल्या नावू गावी फ्रीमेसन (गुप्त विधी पाळणाऱ्या एका बंधुसंघाचे सदस्य) झाले आणि त्याच वर्षी ४ मे रोजी आपल्या लाल विटांच्या दुकानाच्या माडीवर त्यांनी पहिल्यांदा एन्डाउमेंटचा विधी केला. छातीवरच्या दोन खुणा गुण्या आणि कंपासच्या आकाराच्या आहेत, गवंडी-सुताराची अवजारं, जी फ्रीमेसनांचीही चिन्हं. इतिहासकार दोन्हींची सांगड घालतात. श्रद्धाळू म्हणतात, विधी मूळचा पुरातन, त्याचे तुकडे फ्रीमेसनांकडे उरले होते. मला वाटतं चिन्ह कुठून आलं याने ते जपणाऱ्याची निष्ठा लहान होत नाही. आपल्या सणांतल्या किती गोष्टी कुठून कुठून आल्यात.

टांगेवाला

माझा पहिला प्रतिसाद नीट नव्हता. रानजाईताई, माफ करा. पिंपळपान, इतकं तपशिलात लिहिल्याबद्दल धन्यवाद. पण आता खरंच विचारतो, ती गोळीची गोष्ट आली कुठून?

अभ्यासू_बोका

इलिनॉयमधल्याच कार्थेज गावच्या तुरुंगातून. २७ जून १८४४. जोसेफ स्मिथ, त्यांचे बंधू हायरम, जॉन टेलर आणि विलर्ड रिचर्ड्स असे चौघे वरच्या खोलीत होते. तोंडांना काळं फासलेला जमाव जिना चढून आला आणि दारातून गोळीबार केला. जोसेफ आणि हायरम मारले गेले. टेलर गंभीर जखमी झाले, पण वाचले आणि पुढे चर्चचे अध्यक्ष झाले. रिचर्ड्स अंगाने चांगले थोराड, तरी त्यांच्या कानाच्या पाळीला नुसता ओरखडा आला. त्या दिवशी जोसेफ यांच्या अंगावर गारमेंट नव्हतं आणि रिचर्ड्स यांच्या अंगावर होतं, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. पुढे आगीतून वाचलेल्यांच्या, लढाईतून परतलेल्यांच्या कथा तिला जोडल्या गेल्या.

आज चर्च रक्षणाबद्दल बोलतं ते मुख्यतः मोहापासून, वाईटापासून. पण ज्या आईचा मुलगा लांब गेलाय ती शब्दांची अशी काटेकोर वाटणी करत नाही. मुलाच्या दंडाला ताईत बांधणाऱ्या आया आपणही पाहिल्यात.

चंद्रमोळी

हे सगळं वाचताना मला दादर पारसी कॉलनी आठवली. माझं बालपण तिथल्या एका घराच्या अंगणात गेलं, आई त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती. त्यांच्या धाकट्या मुलाचा नवजोत, म्हणजे पारशांची मुंजच, झाला तेव्हा आम्ही एकाच वयाचे. त्याला सुदरेह मिळाला. पांढऱ्या मलमलीचा सैल सदरा, शर्टाच्या आत घालायचा. गळ्यापाशी पुढे एक एवढुस्सा खिसा, त्यात काही मावणार नाही इतका लहान. त्याच्या आजीने त्याला माझ्यासमोर सांगितलं होतं की दिवसभरातली चांगली कामं यात ठेवायची. कमरेला लोकरीची कुस्ती, ७२ धाग्यांची, यस्ना या त्यांच्या प्रार्थनाग्रंथाच्या ७२ अध्यायांसाठी. तीन वेढे द्यायचे आणि प्रार्थना म्हणत गाठी मारायच्या.

आम्ही क्रिकेट खेळून घामाघूम व्हायचो. तो घरी जाऊन हातपाय धुऊन, कुस्ती सोडून पुन्हा बांधायचा आणि मगच जेवायला बसायचा. मी दारात थांबायचो. त्याने कधी लपवलं नाही, कधी दाखवलंही नाही. रानजाई, तुमच्या आजींची टोपली मला त्यामुळे अजिबात परकी वाटली नाही.

नांदेडकर

आमच्या गावात हजूर साहिब आहे, त्यामुळे हे मीही जवळून पाहिलंय. अमृत, म्हणजे दीक्षा, घेतलेल्या शिखांनी कायम अंगावर बाळगायच्या पाच ककारांपैकी एक कच्छा. गुडघ्याच्या वर येणारी, नाडीची चड्डी. माझ्या वर्गमित्राचे वडील इतके कडक की बदलताना दोन्ही पाय एकदम बाहेर काढत नसत. एक पाय जुन्यातून काढायचा, नव्यात घालायचा, मग दुसरा. म्हणजे क्षणभरही अंगावर नाही असं होऊ नये. आम्ही पोरं हसायचो. ते वारले तेव्हा मित्र म्हणाला, "पन्नास वर्षांत बापाने एकदाही चूक केली नाही." तेव्हापासून हसू आलेलं नाही.

कुळागर

आमच्या गोव्यात जुन्या किरिस्तांव बायकांच्या गळ्यात कार्मेल सायबिणीचा, म्हणजे मेरीमातेचा, स्कापुलार असतो. तपकिरी लोकरीचे दोन चौकोनी तुकडे, एक छातीवर, एक पाठीवर, दोरीने जोडलेले, नेहमी कपड्यांच्या आत. आमच्या शेजारच्या एक बाई धुणं धुताना तो काढायच्या नाहीत, ओला झाला तर अंगावरच वाळायचा.

ठिणगी

सगळ्यांनी छान छान उदाहरणं दिली, पण एका गोष्टीवर कोणी बोलत नाहीये. सुदरेहची मुलाखत घ्यायला कोणी येत नाही. इथे मात्र बिशप, म्हणजे शेजारपाजारचाच एक गृहस्थ, मोठ्या बाईला समोर बसवून विचारतो की तू सांगितल्याप्रमाणे गारमेंट घालतेस का. आणि उत्तर 'नाही' असलं तर टेंपलचं दार बंद. पोरीच्या लग्नाचा विधी टेंपलमध्ये असेल तर आईला बाहेर बसावं लागतं. श्रद्धा असेल तर ती देवाच्या आणि माणसाच्या मधली असू द्या. आतल्या कपड्यांपर्यंत संस्थेचा हात पोचतो तेव्हा मला ते फार खुपतं.

आणि १९७८ पर्यंत कृष्णवर्णीयांना हे गारमेंट मिळतच नव्हतं, हेही धाग्यात नोंदवलं पाहिजे. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाही आणि कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना एन्डाउमेंट नाही. जून १९७८ मध्ये ती बंदी उठली. जेन मॅनिंग जेम्स नावाची बाई नावूला जोसेफ स्मिथ यांच्याच घरात राहिली, काम केलं, पुढे सगळ्यांबरोबर युटाला आली. पुढे वर्षानुवर्षं एन्डाउमेंटची परवानगी मागत राहिली, नकार घेत राहिली. १९०८ मध्ये वारली. जानवं कोणाच्या खांद्यावर आणि कोणाच्या नाही, हे ज्यांच्या घरात भोगलं गेलंय त्यांना हे वाचून काय होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. माझ्या आजोबांना देवळाच्या पायरीवरून परत पाठवलं होतं.

पिंपळपान

ठिणगी, जेन जेम्सबद्दल मला माहीत नव्हतं. पाच वर्षं तिथे राहून माहीत नव्हतं याचं वाईट वाटतंय. तुमच्या आजोबांबद्दल वाचून थांबलो. मुलाखतीबद्दलही तुमचं म्हणणं पटतं. रूममेटच्या बहिणीने त्या प्रश्नापायी दोन वर्षं रेकमेंडच घेतला नाही.

फक्त एक. पारशांच्यातही अग्यारीत कोणी जावं यावर बंधनं आहेतच, त्यामुळे दार बंद ठेवणारे हे एकटे नाहीत.

ठिणगी

एकटे नाहीत, मान्य. म्हणून ते कमी खुपत नाही.

नदीकाठ

मी या विषयावर लिहू की नको असा विचार करत होतो. माझी बायको या चर्चमध्ये जन्मली, वाढली, आणि तिशीत बाहेर पडली. तिची परवानगी घेऊन लिहितोय.

ती सांगते, बाहेर पडताना विश्वास आधी गेला, गारमेंट सगळ्यात शेवटी. जवळजवळ वर्षभर, काहीही मानत नसतानाही ती ते घालत होती. ते काढलं त्या दिवशी तिला दुकानात उघडं असल्यासारखं वाटलं, अंगावर पूर्ण कपडे असूनही. मग हळूहळू वारा लागायची सवय झाली.

तिच्या माहेरी गेलो की सासूबाई मिठी मारतात आणि त्यांचा हात तिच्या पाठीवरून दंडापर्यंत फिरतो. पातळ शर्टाखाली गारमेंटच्या गळ्याची आणि बाहीची रेघ हाताला लागते, ती शोधत असतात. मुद्दाम करत असतील असं नाही, सवयीने होत असेल. सापडत नाही. त्या काही बोलत नाहीत. बायको गाडीत बसल्यावर रडते. मला दोघींचंही वाईट वाटतं. सासूबाईंना खरंच वाटतं की मरणानंतरही कुटुंब एकत्र राहण्याची वाट त्या वचनातून जाते, आणि त्यांची मुलगी त्या वाटेवरून उतरली आहे. त्या मुलीवर पाळत ठेवत नसतात, तिला शोधत असतात.

ठिणगी, तुम्ही म्हणता तेही खरं आहे. बायको म्हणते, 'मला विचारलं नसतं, तर कदाचित मी आजही घालत असते.'

ठिणगी

नदीकाठ, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. आणि सासूबाईंनाही.

सुईदोरा

माझा शिवणाचा व्यवसाय आहे, त्यामुळे मी या कपड्यांकडे कापडाच्या बाजूने पाहते. थोडं शोधून वाचलं ते लिहिते.

सुरुवातीचं गारमेंट एकसंध, मनगटापासून घोट्यापर्यंत, गळ्याला कॉलर, पुढे बांधायचे बंद. एकोणिसाव्या शतकात बायका घरीच शिवायच्या. १९०६ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ (संस्थापक नव्हेत, त्यांचे पुतणे) यांनी मूळ नमुन्यात काडीचा बदल करू नका असं लिहिलं. आणि १९२३ मध्ये चर्चनेच बदल केला. बाही कोपरापर्यंत, पाय गुडघ्याच्या जरा खाली, बंदांच्या जागी गुंड्या, कॉलर गेली. १९७९ मध्ये वरचा आणि खालचा असे दोन वेगळे भाग आले. म्हणजे नमुना बदलला, खुणा राहिल्या. (चर्चमधून फुटून निघालेले काही पंथ मात्र अजून तो जुना लांब नमुनाच घालतात.)

बायकांची तक्रार वेगळीच आहे आणि ती मला पूर्णपणे कळते. जांघेत चुकीच्या जागी येणारी शिवण, हवा न खेळणारं कापड, पाळीचे दिवस, गरोदरपण, अंगावर पाजणं. एवढ्या सगळ्यातून जाणाऱ्या शरीरावर चोवीस तास एकच बेतलेला कपडा. २०२१ मध्ये तिकडच्या एका बाईने इन्स्टाग्रामवर उघडपणे लिहिलं की आम्हाला मऊ, श्वास घेणारं कापड द्या, जंतुसंसर्गाने त्रस्त झालोय. हजारो बायकांनी खाली आपापले अनुभव लिहिले, न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत बातमी गेली. ज्यांनी लिहिलं त्यातल्या बऱ्याच जणी श्रद्धाळू होत्या. त्यांना गारमेंट टाकायचं नव्हतं, नीट घालता यावं एवढंच हवं होतं. कपडा कितीही पवित्र असला तरी तो घामाच्या अंगावर बसायचा असतो, आणि बेतणाऱ्याने ज्याच्या अंगासाठी बेततोय त्याला विचारलं पाहिजे. मला वाटतं त्या चर्चमध्ये ते फार उशिरा विचारलं गेलं.

दुपारची_झोप, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बिनबाह्यांचा वरचा भाग आणि बायकांसाठी परकरासारखा नमुना जाहीर झाला. आधी आफ्रिका-आशियातल्या उष्ण, दमट भागांसाठी, मग अमेरिकेतही.

दुपारची_झोप

म्हणजे नागपूरची दखल घेतली तर! सुईदोराताई, छान लिहिलंत.

गोलघुमट

थोडं अवांतर, पण आपल्याकडचा धागा आहे म्हणून सांगतो. हे लोक आपल्याकडे आजकालचे नाहीत. ह्यू फिंडले नावाचे त्यांचे मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरले. तिथे विरोध झाला, मग पुण्याला आले. पुण्यात थोड्या माणसांची शाखाही उभी राहिली होती. टिकली नाही, काही वर्षांत ते परत गेले.

मी सध्या हैदराबादला असतो. २०१२ मध्ये इथे त्यांचा भारतातला पहिला 'स्टेक' झाला, म्हणजे बऱ्याच शाखा मिळून होणारा मोठा विभाग. माझा एक तेलुगू सहकारी या चर्चचा. टेंपल भारतात नसल्याने तो आणि त्याची बायको लग्नानंतर तीन वर्षं पैसे साठवून हाँगकाँगला गेले आणि तिथे विधी करून आले. २०१८ मध्ये बंगळुरूला टेंपल होणार असं जाहीर झालं तेव्हा त्याने ऑफिसात पेढे वाटले होते. डिसेंबर २०२० मध्ये तिथे भूमिपूजन झालं. त्याने मला कधी गारमेंटबद्दल सांगितलं नाही आणि मला माहीतही नव्हतं. एवढंच आठवतं की एप्रिलमध्येही त्याच्या शर्टाच्या आत नेहमी बाहीचा बनियन असायचा आणि आम्ही त्याला विचारायचो, तुला उकडत नाही का. आज समजलं. उद्यापासून विचारणार नाही.

एक_वाचक

हेच ना ते अनेक बायकांवाले?

अभ्यासू_बोका

होते. १८९० मध्ये चर्चने अधिकृतपणे ते थांबवलं. आज करणारे ते फुटलेले पंथ, या चर्चमध्ये तसं केलं तर बाहेर काढतात. त्यावर वेगळा धागा काढा, इथे आजींचा विषय चाललाय.

सुईदोरा

आजींवरून आठवलं. रानजाई, खुब्याचं ऑपरेशन झालंय म्हणता, तर त्या चड्डीचा इलास्टिकचा पट्टा टाक्यांवर घासत असेल. विचारता आलं तर विचारा हो.

चंद्रमोळी

आणि माफी मागायचीच असेल तर एका वाक्यात मागा. लांबवलंत तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस कामातून वेळ काढून प्रत्येक प्रतिसाद वाचला. नदीकाठ आणि ठिणगी, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

काल मंगळवार होता. मी काहीच बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. कोकम सरबत केलं, धुणं लावलं, टॉवेल घड्या करत बसले. पांढरी टोपली कोपऱ्यात होती. मी तिच्याकडे बघत नव्हते, आणि बघत नाहीये हे बहुतेक फार दिसत होतं. कारण आजीच म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला तोडून बोलले का?" मी म्हटलं, नाही, मीच न विचारता हात लावला, चुकलं. त्या म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं. आणि मला समजावून सांगता आलं नाही."

मग बोलत राहिल्या. एकविसाव्या वर्षी, लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा ते घातलं. आई बरोबर होती. सुरुवातीला इतकं टोचायचं, इतकं उकडायचं की त्या रडल्या होत्या (सुईदोरा, तुमचंच म्हणणं). टाक्यांचंही विचारलं. डॉक्टरांनी सांगितल्यामुळे दोन आठवडे खालचा भाग घातला नव्हता आणि त्याला त्यांच्यात पूर्ण मुभा आहे. तरी त्या म्हणाल्या, "रात्री चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं."

सहा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. त्यांच्यात मृताला टेंपलचे सगळे कपडे घालून पुरतात. आत गारमेंट, वर पांढरा पोशाख. दुसरं कोणी घालून देऊ शकतं, पण आजींनी आणि त्यांच्या मुलाने ते स्वतः केलं. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं त्यांचे ते कपडे मीच धुतले, घड्या घातल्या, तेव्हा शेवटचे कोणी दुसऱ्याने का घालायचे. बाह्या घालताना हात वाकत नव्हता, तर त्या नवऱ्याशी बोलत राहिल्या, आंघोळीनंतर लहान मुलाशी बोलावं तशा.

मला काय बोलावं कळेना. मी त्यांना आमच्या आजोबांच्या तुळशीच्या माळेचं सांगितलं. पंढरपूरला जाऊन घेतलेली, शर्टाच्या आत असायची, मळकी, एक मणी फुटलेला. माळ घातली तसं मटण सोडलं, आणि कोर्टात खोटी साक्ष द्यायला भावकीने गळ घातली तेव्हा नुसता गळ्याला हात लावून नाही म्हणाले होते. ती माळ आम्ही त्यांच्याबरोबरच सरणावर जाऊ दिली. आजींनी विचारलं, "काय म्हणतात त्याला?" मी सांगितलं, माळ. त्या दोन-तीनदा म्हणून बघत होत्या, 'ळ' काही केल्या येईना.

ठिणगी, मी त्यांना जेन जेम्सबद्दलही विचारलं. माहीत होतं त्यांना. बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, बंदी उठली तेव्हा त्या तरुण होत्या, बातमी आली तेव्हा स्वयंपाकघरात उभ्या राहून रडल्या, आणि तोपर्यंत आपण कधी का विचारलं नाही याचं उत्तर त्यांना अजून सापडलेलं नाही.

साडेचारला त्यांची मुलगी आली. तिने टोपली उचलून आतल्या खोलीत नेली. मी टॉवेल कपाटात ठेवले आणि घरी आले. पुढचा मंगळवारही माझाच आहे. आजी आता वॉकर घेऊन पुढच्या दारापर्यंत येतात, आणि गुरुवारचा पियानो परत सुरू करू म्हणाल्यात.

ठिणगी

विचारल्याबद्दल आभार, रानजाई. त्यांनी गप्प राहून मग खरं सांगितलं, ते मला पुरलं.

सुईदोरा

पट्टा घासत असेल तर आत मऊ सुती पट्टी लावून देता येते, मुलीला सांगा. कशी लावायची ते व्यक्तिगत निरोपात कळवते.